कॉफीच्या डब्यातल्या सळया

मित्रांनो, मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. काही वस्तू आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतात. तलवारी सांगतात, तोफा सांगतात. माझ्याकडे तसलं काही नाही. कोणीतरी हातात पाना घेऊन आपल्याकडे येतंय, या धास्तीत माझं सगळं आयुष्य गेलं. ही गोष्टही त्याच धास्तीची आहे.

गिटार म्हटलं की पट्ट्याने गळ्यात अडकवलेली, तोऱ्यात मिरवणारी गिटार तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. ती माझी दूरची बहीण. मी टेबलासारखी चार पायांवर उभी असते. माझ्या तारा आडव्या, दहा. वाजवणारा माझ्यामागे खुर्ची घेऊन बसतो, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतो आणि उजव्या हाताने तारा छेडतो. खाली पायाशी पेडल असतात आणि गुडघ्यांजवळ दांडे. पेडल दाबलं किंवा गुडघ्याने दांडा सरकवला, की माझ्या पोटाखालच्या सळया ओढल्या जातात. कुठली तार ताणली जाते, कुठली सैल होते, आणि सूर वाजता वाजता वाकतो. तुमच्याकडे मींड म्हणतात ना, ती माझ्यावर पायाने आणि गुडघ्याने घेता येते.

म्हणजे माझा आवाज लाकडात निम्माच आहे. उरलेला निम्मा त्या सळयांत आहे. कोणती सळई कोणत्या भोकात आणि किती ओढायची, ही मांडणी ज्याची त्याची वेगळी असते. बहुतेक वाजवणारे ती कुठे लिहून ठेवत नाहीत. माझ्याखाली वाकून पाहिलं तरच ती दिसते. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे माझी भीती तुम्हाला कळेल.

मला घडवलं एका पत्र्याच्या शेडमध्ये. माझी पहिली आठवण ड्रिलची आहे. त्यानंतर काही वर्षं मी एका बारमध्ये काढली. तिथला वाजवणारा माणूस वाईट नव्हता, पण रंगात आला की पेडल दाबण्याऐवजी लाथ मारायचा, आणि लोक खुशाल माझ्यावर ग्लास ठेवायचे. बिअरची गोल वर्तुळं अजून माझ्या अंगावर आहेत. मग एक दिवस त्याने मला विकायला काढलं आणि ओथा पिंकनी मला घ्यायला आला.

ओथा फ्लोरिडातला. आठवडाभर तो संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये पेट्या उचलायचा आणि रविवारी चर्चमध्ये स्टील गिटार वाजवायचा. त्याच्या बोटांना कायम संत्र्याच्या सालीचा वास यायचा. बारमधून सुटून मी चर्चला निघाले, तेव्हा खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट माझी पाचावर धारण बसली. अंगावर बिअरचे डाग घेऊन देवाच्या दारात कसं उभं राहायचं?

पण त्या चर्चमध्ये डागांकडे कोणी पाहिलं नाही. तिथे ऑर्गन नव्हता. पाद्रींच्या उजव्या हाताला स्टील गिटार असायची आणि ती नुसती साथ करायची नाही, ती बोलायची. पाद्री एक वाक्य म्हणत, गिटार त्याला उत्तर देई. प्रवचन तापत जाई तसा तिचा आवाज चढे, मग खंजिऱ्या वाजू लागत, माणसं उभी राहून टाळ्या पिटत, कोणी नाचे, कोणी ढसाढसा रडे. पहिल्या रविवारी मला वाटलं, कुठेतरी आग लागली.

पुढच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांतल्या वडीलधाऱ्या बायका बसत. त्यांना सगळे मदर म्हणत. त्यांच्यात मदर आयडेला मॅकक्रे होत्या. त्या फारसं गात नसत. पण प्रार्थना लांबत जाऊन सगळ्यांचे शब्द संपले, की त्यांच्या छातीतून एक लांब हुंकार निघे. त्याला शब्द नसत. तो निघाला की लहान मुलंसुद्धा चुळबुळ थांबवत.

ओथाने मला आणलं त्याच वर्षी तो रोज संध्याकाळी कामावरून थेट चर्चमध्ये येऊन माझ्याखाली उताणा पडू लागला. पेडल त्याने इतरांसारखीच ठेवली. डाव्या गुडघ्याच्या दांड्याशी मात्र तो कितीतरी दिवस झटत राहिला. एक सळई काढ, दुसरी घाल, भोक जरा घासून बघ, दांडा सरकव, ऐक, मान हलव, पुन्हा खाली. माझा जीव टांगणीला लागायचा. हा माणूस काय शोधतोय तेच मला कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी त्याने हाताने दांडा सरकवला, तारा छेडल्या, आणि माझ्यातून असा काही आवाज निघाला की तो तसाच जमिनीवर पडून राहिला. मला वाटलं, गेला. वाकून पाहता येत असतं तर दिसलं असतं, तो रडत होता.

त्या आवाजाला लोक ओथाची हाक म्हणू लागले. तो ती रविवारी एकदाच वाजवायचा, प्रार्थनेच्या अगदी शेवटी. कोणी कितीही विनवलं तरी दुसऱ्यांदा नाही. लोक त्या एका हाकेची वाट पाहत प्रवचन ऐकतात, असं पाद्री हसत म्हणायचे, आणि त्यात थोडा रागही असायचा.

ओथाला एक मुलगी होती, व्हर्नेल. तान्ही असताना ती माझ्याखाली चादरीवर झोपायची. पुढे ओथाने तिला वाजवायला शिकवलं. आमच्यात तेव्हा मुली स्टील वाजवत नसत, पण ओथाने कोणाला विचारलंच नाही. पेडल तिला चटकन जमली. डाव्या दांड्याकडे तिचा गुडघा गेला, की तो म्हणायचा, "तो नंतर. आधी थोडं जगून घे." मित्रांनो, नंतर नावाची जागा फार फसवी असते. एका वसंतात ओथा पॅकिंग शेडमध्येच छाती धरून खाली बसला आणि उठला नाही. व्हर्नेलचा तो दांडा शिकायचा राहून गेला.

ओथा गेल्यावर व्हर्नेलला मला हात लावणं जमेना. ती शाळेची बस चालवू लागली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. चर्चमध्ये कीबोर्ड आला. मला मागच्या खोलीत, गायकांच्या जुन्या झग्यांजवळ आणि घडीच्या खुर्च्यांमागे ठेवलं. तिथली भीती निराळी होती. उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापायची आणि पाऊस लागला की भिंतींना घाम यायचा. एका चक्रीवादळात छपराचा पत्रा उचकटला आणि माझ्यावर पाणी ठिबकत राहिलं. पोटाखालचे ओतीव धातूचे तुकडे फुगून तडकले. एका उंदराने माझ्या पेडलांशी घर केलं. पण सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. आपण कसे वाजत होतो, हे मी हळूहळू विसरत चालले होते. हाक आठवायचा प्रयत्न केला की उंदराची खुडबुड ऐकू यायची.

अशी किती वर्षं गेली ते मला ठाऊक नाही. व्हर्नेलच्या केसांत चांदी आली होती, एवढं मी नंतर पाहिलं. मदर आयडेलांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांच्या हृदयाचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि बाजूला घेऊन सांगितलेली गोष्ट असल्यामुळे ती साऱ्या चर्चला माहीत होती. एका रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी व्हर्नेलचा हात धरला.

"तुझ्या बापाची ती हाक मला एकदा ऐकायची आहे, बाळा. मग देवाने खुशाल बोलवावं."

त्याच दुपारी मागच्या खोलीचं दार उघडलं. व्हर्नेलने माझ्यावरचे झगे बाजूला केले आणि बिअरच्या डागांवरून बोट फिरवलं. मला आनंद झाला का? झाला. पण पाठोपाठ भीतीने बोट धरलंच. म्हातारीने मागितलेली हाक माझ्यात उरली आहे का, हे मलाच माहीत नव्हतं.

आता इथे डीकन हॉरेस गेन्स येतात. डीकन म्हणजे चर्चचे कारभारी. चर्चची खटारा बस त्यांनीच आजवर जगवली होती, आणि ज्याला नट आणि बोल्ट आहेत ते आपल्या हाताने दुरुस्त होतंच, असा त्यांचा विश्वास होता. मला नीट करायला कोणीतरी जाणकार शोधावा लागेल, असं व्हर्नेल म्हणाली होती. तिचा तेवढाच त्रास वाचवावा म्हणून डीकननी तिला न सांगता मला उलटं केलं आणि कामाला लागले. मनात खोट नव्हती. आठवड्याभरात त्यांनी माझ्या सगळ्या सळया काढल्या, रॉकेलने धुतल्या, गंज घासला, वर्तमानपत्रावर वाळवल्या आणि नटांसकट कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरल्या. खूण एकीलाही केली नाही. एकेक सळई निघत होती आणि ओथाने केलेली मांडणी माझ्या पोटाखालून पुसली जात होती. मी ओरडणार कशाने? तारा कधीच्या निघाल्या होत्या.

व्हर्नेल आली तेव्हा त्यांनी कौतुकाने डबा पुढे केला.

"बघ कशा चकाकतायत. आता फक्त बसवायच्या."

"कुठे बसवायच्या, डीकन?"

डीकन माझ्याखाली वाकले. तिथे सारखी दिसणारी कितीतरी रिकामी भोकं होती. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं. व्हर्नेल त्यांच्यावर रागावली नाही. तिने डबा घेतला, झाकण घट्ट लावलं आणि मला गाडीत मागच्या सीटवर झोपवलं.

पहिल्यांदा आम्ही एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्याने मला पाहिलं, डबा पाहिला आणि सांगितलं, की ही जुनी मांडणी आता कोणी ठेवत नाही, पोटाखालचं सगळं काढून तो आजच्या पद्धतीचं नवं बसवून देईल. तिला ते नको असेल तर सुटे भाग म्हणून मला विकत घ्यायलाही तो तयार होता. सुटे भाग! हे दोन शब्द त्याने चहात साखर किती विचारावं तशा आवाजात उच्चारले. माझे पाय एकीकडे, तारा धरणारी माझी धातूची बोटं दुसरीकडे, आणि माझं लाकूड कोणाच्या तरी भिंतीवर. व्हर्नेलने मला उचललं. दारातून बाहेर पडताना त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने तिला एक नाव सांगितलं. जॉर्जियात डेल्मर रॅटलिफ नावाचा म्हातारा आहे, तो जुन्या स्टील गिटारी दुरुस्त करतो, पण माणूस तिरसट आहे आणि फोन उचलत नाही.

फोन उचलत नाही म्हणून व्हर्नेल मला घेऊन थेट त्याच्या दारात गेली. पेकानच्या झाडांमागे त्याची शेड होती. आत पाऊल पडताच माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. छताला गिटारींचे पाय टांगलेले, फळीवर पोटं उघडी पडलेली, कोपऱ्यात कुणाची तरी पेडल. माणसांना खाटकाच्या दुकानात नेलं तर त्यांना जसं वाटेल, तसं मला वाटलं. डेल्मर उंच आणि वाळलेला होता. तरुणपणी कागदाच्या गिरणीत लेथवर काम केलेलं, आणि शनिवारी नाचघरांत स्टील वाजवलेली. त्याने कॉफीचा डबा हलवून पाहिला.

"हे कोणी केलं?"

"आमच्यावर जीव असलेल्या माणसाने," व्हर्नेल म्हणाली.

"जीव असलेलेच करतात. नसलेले हातही लावत नाहीत."

एवढं बोलून त्याने मला ठेवून घेतलं. व्हर्नेलने जाताना त्याला मदर आयडेलांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, घाई केली तर तुम्हाला लवकर मिळेल ती दुसरीच गिटार असेल. हे ऐकून मला धीर आला आणि धडकीही भरली, कारण तिकडे म्हातारीचं हृदय घाई करत असेल तर?

डेल्मर खरोखर हळू होता. त्याने सळया एका कापडावर मांडल्या आणि कितीतरी दिवस त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला कळलं तो काय करतोय. शेजारच्या सळईला घासून घासून प्रत्येकीवर कुठे ना कुठे बारीक खाच पडली होती, एखादी किंचित वाकली होती. कोण कोणाला घासत होती हे जुळवत जुळवत तो त्यांना माझ्या पोटाखाली परत बसवत गेला. तडकलेले तुकडे त्याने लेथवर नवे घडवले. दर शनिवारी व्हर्नेल इतक्या लांबून गाडी चालवत यायची आणि आल्या आल्या सांगायची, की मदर अजून आहेत. हे सांगताना ती माझ्याकडे पाहायची नाही.

डाव्या गुडघ्याच्या दांड्याला दोन सळया होत्या. त्यांपैकी एकीचं भोक लांबट झालं होतं, त्यामुळे ती आत खुळखुळायची. डेल्मरने मान हलवली. इतक्या वर्षांच्या वापराने झिजलं, असं म्हणून त्याने ते भोक भरून काढलं, पुन्हा गोल पाडलं आणि सळई घट्ट बसवली. माझ्याखाली आता काहीही खुळखुळत नव्हतं.

मग तारा चढल्या. व्हर्नेल माझ्यामागे बसली. तिने पेडल दाबली आणि मी बोलले. माझाच आवाज मला ओळखीचा वाटला, आणि क्षणभर भीती विसरले. मग तिने डावा दांडा सरकवला. सूर वाकला, लोण्यासारखा मऊ. डेल्मरने डोळे मिटले. व्हर्नेलने पुन्हा वाजवून पाहिलं, आणखी एकदा पाहिलं, आणि कांडी खाली ठेवली.

"आवाज सुंदर आहे, मिस्टर डेल्मर. पण हा आमचा नाही."

त्याला ते लागलं. तो बाहेर जाऊन कुत्र्याशी उगाचच काहीतरी बोलून आला. म्हणाला, बहुतेक गिटारी इतपत जुळल्या की लोक खुशीने घरी नेतात. तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटली, मित्रांनो. मोडून पडण्याची नव्हे. दुसऱ्याच कोणाच्या तरी गोड आवाजात उरलेलं आयुष्य बोलत राहण्याची.

व्हर्नेलकडे चर्चची एक जुनी कॅसेट होती. ती तिने लावली. टाळ्या, खंजिऱ्या, आरोळ्या, आणि कुठेतरी खाली मी, शेजारच्या घरातून कोणी हाक मारावी तशी.

"यात देव ऐकू येतोय," डेल्मर म्हणाला. "गिटार नाही. लोखंडाला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने मला सांगितलं, मिस व्हर्नेल. पुढचं मला कोणीतरी ऐकवायला हवं."

"मग बुधवारच्या प्रार्थनेला आमच्याकडे या."

डेल्मर गोरा, आमचं चर्च काळ्या लोकांचं. एकाच वाद्यावर जन्म काढून त्याने ते चर्चमध्ये कधी ऐकलं नव्हतं. तो बूट पाहत म्हणाला, "मी नाचघरातला माणूस. मला तिथे कोण आत घेणार?"

व्हर्नेलने माझ्या अंगावरच्या बिअरच्या वर्तुळांवर बोट ठेवलं. "हिला घेतलं होतं."

बुधवारी संध्याकाळी मी माझ्या जुन्या जागी उभी राहिले. डेल्मर माझ्याखाली उताणा पडला, अगदी ओथा पडायचा तसा. डीकन गेन्स हातात पक्कड घेऊन मदतीला आले, तर व्हर्नेलने त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि हात मांडीखाली ठेवायला सांगितले. ते तसे बसले. मदर आयडेला पुढच्या बाकावर होत्या, पांढऱ्या कपड्यांत, काठीवर दोन्ही हात ठेवून. किती लहान झाल्या होत्या त्या!

व्हर्नेलने डावा दांडा वापरून वाजवलं. कोणी म्हणालं छान, कोणी म्हणालं फार गोड, कोणी म्हणालं ओथाचं जरा ओलं असायचं. डेल्मरने खालून नट फिरवला, जरा कमी ओढून पाहिलं, जरा जास्त. प्रत्येक वेळी नवं मत निघालं. शेवटी सगळ्यांनी मदर आयडेलांकडे पाहिलं.

"मला ऐकू कमी येतं हल्ली," त्या म्हणाल्या. "छानच आहे की. हीच असेल."

त्या आम्हाला माफ करत होत्या. त्या माफीने मी गार पडले. ही हाक नाही हे त्यांना कळलं होतं, आणि आता त्या मागणंच सोडून देत होत्या.

पाद्रींनी प्रार्थना सुरू केली. डेल्मरला मध्येच उठून जाणं बरं दिसेना, म्हणून तो माझ्याखालीच पडून राहिला. प्रार्थना लांबली. एकेकाचे शब्द संपत गेले. मग मदर आयडेलांच्या छातीतून त्यांचा तो हुंकार निघाला, पूर्वीसारखाच, फक्त बारीक झालेला. खाली उतरत गेला, आणि उतरता उतरता घशात काहीतरी अडकल्यासारखं होऊन अलगद वर उचलला गेला.

माझ्याखाली पाना जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

"मिस आयडेला," खालून डेल्मर म्हणाला, "पुन्हा एकदा कराल?"

"काय करू?"

"आता जे केलंत ते."

"ते मी करत नाही रे बाबा. ते होतं."

पण पाद्रींनी प्रार्थनेचा शेवट पुन्हा म्हटला, आणि ते पुन्हा झालं. डेल्मर बाहेर सरकला. तो व्हर्नेलला म्हणाला, "ती झीज नव्हती. दोन तारा एकदम हलू नयेत म्हणून तुझ्या बापाने ते भोक मुद्दाम लांब ठेवलं होतं. आधी एक तार उतरते, मग जरा थांबून दुसरी चढते. कुठलाही कारागीर याला चूक म्हणेल. मीही म्हटलं आणि भरून टाकलं."

मग त्याने कानस काढली. मित्रांनो, त्या कानशीचा आवाज मी विसरणार नाही. एक फेरा जास्त झाला असता तर दुसरी तार कायमची उशिरा आली असती. तो थोडं घासायचा, सळई अडकवायचा, व्हर्नेल वाजवायची, मग तो मदरकडे पाहायचा आणि त्या हुंकार भरायच्या. मधूनच त्या दम घ्यायला थांबायच्या आणि माझ्या भीतीचे दोन तुकडे व्हायचे, एक त्या कानशीपाशी, एक त्यांच्या छातीपाशी. व्हर्नेलने त्यांना पुरे म्हणून विनवलं.

"इतकी वर्षं हा हुंकार फुकट घालवला," त्या म्हणाल्या. "आज कामाला येतोय तर येऊ दे."

आणखी एक फेरा. डेल्मरने सळई अडकवली आणि कानस खिशात ठेवली. व्हर्नेलने डावा दांडा सरकवला, मदर आयडेलांनी हुंकार भरला, आणि त्या दोन आवाजांत मी कुठला आणि त्या कुठल्या हे मला सांगता येईना. त्या थांबल्या. मी वाजतच होते.

"हा तर माझा आवाज आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी जन्मभर समजत होते, की हा हुंकार मी ओथाच्या गिटारकडून शिकले."

मागच्या बाकावर डीकन गेन्सनी मांडीखालचे हात काढून तोंडावर घेतले. ओथा त्या संध्याकाळी जमिनीवर पडून काय शोधत होता, ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं जी माझी म्हणून मी जपली, हरवेल म्हणून घाबरले, ती हाक मला कोणीतरी दिलेली होती.

त्या दिवशी डेल्मरला कोणी तसंच जाऊ दिलं नाही. तळलेले मासे आणि मक्याचा पाव त्याच्या ताटात पडत राहिला. पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या शेवटी व्हर्नेलने हाक वाजवली, एकदाच, बापाच्या रीतीप्रमाणे. मदर आयडेलांनी डोळे मिटून ऐकली. उत्तरादाखल त्यांनी हुंकार भरला नाही. फक्त मान हलवली, आपलं काम दुसऱ्याकडे सोपवून उठणारा माणूस हलवतो तशी.

संत्री पिकण्याच्या दिवसांत मदर आयडेला गेल्या. त्यांना निरोप देण्याच्या प्रार्थनेला चर्च तुडुंब भरलं होतं. शब्द संपले, तेव्हा पुढच्या बाकावरून काही आलं नाही. व्हर्नेलचा गुडघा डाव्या दांड्याला टेकला, तो मला जाणवला. माझ्याकडून हे व्हायचं नाही, अशी माझी खात्री होती. मग तिने दांडा सरकवला. सूर उतरला, अडखळला आणि वर उचलला गेला, आणि साऱ्या चर्चने माना वळवून माझ्याकडे नाही, त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तेवढ्या वेळापुरती मी कशालाही भ्यायले नाही.

आता पुन्हा भिते. डेल्मर थकला आहे, व्हर्नेलचे गुडघे दुखतात, आणि डीकन गेन्स अजून अधूनमधून फडकं घेऊन माझ्या आसपास घुटमळतात. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला प्रेमाने हात लावा, पण आधी हात मांडीखाली घेऊन थोडं बसा. काही काढलंत तर खूण करा. काही ढिलं वाटलं तर ते कोणी मुद्दाम तसं ठेवलं होतं का, ते विचारा. आणि तिचा आवाज ज्यांना आठवतो त्यांच्याकडे आजच जा. सळया काय, कॉफीच्या डब्यातही राहतात. माणसं राहत नाहीत.